विद्यापीठांतील हंगामी अध्यापक : समाजशास्त्र विभागाच्या निमित्ताने

भारतातील विद्यापीठीय समाजशास्त्राचा प्रारंभ १९१९ साली मुंबई विद्यापीठात झाला. पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली तेथे नागरिकशास्त्र व समाजशास्त्र विभाग स्थापन झाला. १९२४ मध्ये डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी विभागाची धुरा स्वीकारली आणि १९५९ पर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, ती सांभाळली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई यांसारखे अभ्यासक त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. श्रीनिवास यांनी पुढे १९५९ मध्ये दिल्ली विद्यापीठात समाजशास्त्र विभाग उभा केला. एका विभागातील अध्यापनाच्या सातत्यातून संपूर्ण देशातील एका ज्ञानशाखेची घडण कशी होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आज देशातील अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार काही महिन्यांच्या नेमणुकीवर काम करणाऱ्या अध्यापकांकडे आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात १,१६८ विद्यापीठे, सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी आणि सुमारे १६ लाख अध्यापक होते. स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावयाचे आहे. हा विस्तार कोणत्या प्रकारच्या अध्यापकवर्गाच्या बळावर होणार, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. त्याचे आकलन विद्यापीठातील एका मध्यम आकाराच्या समाजशास्त्र विभागाच्या आधारे अधिक सुलभ होते.

हंगामी नेमणुकांचे प्रकार

‘हंगामी अध्यापक’ या एकाच संज्ञेखाली व्यवहारात तीन भिन्न प्रकार येतात.

पहिला प्रकार तदर्थ अध्यापकांचा. रजेमुळे अथवा निवृत्तीमुळे रिकाम्या झालेल्या पदावर अल्पकाळासाठी ही नेमणूक केली जाते. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत अशी नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त चार महिन्यांसाठी होत असे. मध्ये एका दिवसाचा खंड देऊन तिचे नूतनीकरण केले जाई. प्रारंभिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाइतके असले, तरी वार्षिक वेतनवाढ व पदोन्नती यांचा लाभ नसे. अशा रीतीने अनेकांची दहा-दहा वर्षे निघून गेली.

दुसरा प्रकार कंत्राटी अध्यापकांचा. येथे ठरावीक मुदतीचा करार आणि एकत्रित मासिक मानधन असते.

तिसरा प्रकार अतिथी अध्यापकांचा. महाराष्ट्रात तो ‘तासिका तत्त्वावरील प्राध्यापक’ या नावाने परिचित आहे. येथे मोबदला घेतलेल्या तासांवर अवलंबून असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांचे मानधन प्रति व्याख्यान १,५०० रुपये आणि दरमहा कमाल ५०,००० रुपये असे सुधारित केले. तथापि राज्य विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न महाविद्यालये यांतील प्रत्यक्ष दर त्या त्या राज्याच्या निर्णयांवर अवलंबून असतात. सुट्टीच्या काळात तास नसतात, म्हणून उत्पन्नही नसते.

घटनात्मक व नियामक चौकट

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आणला. उच्च शिक्षणातील दर्जाचे निर्धारण व समन्वय हा विषय मात्र संघसूचीतील ६६ व्या नोंदीखाली येतो. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ याच अधिकारातून अस्तित्वात आला. परिणामी दर्जाविषयक निकष केंद्रीय पातळीवर ठरतात, तर राज्य विद्यापीठांतील वेतनाचा भार प्रामुख्याने राज्यांच्या तिजोरीवर पडतो. हंगामी नेमणुकांच्या प्रश्नाचे एक मूळ या विभागणीत आहे.

आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी कंत्राटी नेमणुकांवर स्पष्ट बंधने घातली आणि जुलै २०१८ च्या विनियमांनी ती कायम ठेवली. अशा नेमणुका अत्यावश्यक असतील आणि विद्यार्थी-अध्यापक प्रमाण निकषांत बसत नसेल तरच कराव्यात, त्यांची संख्या एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, पात्रता व निवडपद्धती नियमित अध्यापकांप्रमाणेच असावी, मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे आणि प्रारंभिक नेमणूक एका शैक्षणिक सत्राहून अधिक काळासाठी नसावी, अशा या तरतुदी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या नव्या विनियमांच्या मसुद्यात १० टक्क्यांची मर्यादा वगळण्याचा प्रस्ताव होता. त्यावर शैक्षणिक वर्तुळात बरीच चर्चा झाली.

पात्रतेच्या संदर्भात आणखी एक बाब विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याची २०१८ च्या विनियमांतील तरतूद लांबणीवर पडत गेली. जून २०२३ च्या दुरुस्तीने नेट, सेट वा स्लेट ही किमान पात्रता राहिली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली.

पदे रिक्त का राहतात?

२०२२ व २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार केंद्रीय विद्यापीठांतील सुमारे १९ हजार मंजूर अध्यापकपदांपैकी ६ हजारांहून अधिक, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश पदे रिक्त होती. रिक्ततेची कारणे एकाहून अधिक आहेत.

पहिले कारण वित्तीय आहे. वेतन हा महसुली खर्च असून नियमित नेमणूक ही सुमारे तीन दशकांची बांधिलकी असते. सहाव्या वेतन आयोगानंतर सुधारित वेतनश्रेणी लागू करणाऱ्या राज्यांना केंद्राने वाढीव भाराच्या ८० टक्के साहाय्य जानेवारी २००६ ते मार्च २०१० या काळासाठी दिले. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी हे साहाय्य ५० टक्के आणि जानेवारी २०१६ ते मार्च २०१९ या काळापुरते होते. त्यानंतरचा भार राज्यांवर आला. वित्तीय तुटीवर मर्यादा असताना पदभरती पुढे ढकलणे हा खर्चकपातीचा सर्वांत सोपा, न दिसणारा मार्ग ठरतो.

दुसरे कारण प्रक्रियात्मक आहे. आकृतिबंधास मान्यता, बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, छाननी, निवड समिती आणि कार्यकारी परिषदेची संमती या प्रत्येक टप्प्यास वेळ लागतो. कुलगुरूपद रिक्त असेल तर प्रक्रिया थांबते.

तिसरे कारण न्यायालयीन वादांचे. आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ हे एकक मानावे की विभाग, या वादात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये विभाग हे एकक मानले आणि आयोगाने मार्च २०१८ मध्ये तसे निर्देश दिले. त्यावरील वादामुळे केंद्रीय विद्यापीठांतील भरती काही काळ स्थगित झाली. मार्च २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याचे रूपांतर केंद्रीय शैक्षणिक संस्था (अध्यापक संवर्गातील आरक्षण) अधिनियम, २०१९ मध्ये झाले. त्यानुसार संस्था हे एकक ठरले.

एका विभागाचे गणित

नियमांचा प्रत्यक्ष परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक विभाग विचारात घेऊ. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व सहायक प्राध्यापक यांचे प्रमाण १:२:४ धरल्यास समाजशास्त्र विभागात सात मंजूर पदे होतात. २०१८ च्या विनियमांनुसार प्रत्यक्ष अध्यापनाचा साप्ताहिक कार्यभार सहायक प्राध्यापकासाठी १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकासाठी प्रत्येकी १४ तास आहे. म्हणजे पूर्ण विभागाची क्षमता आठवड्याला (३ × १४) + (४ × १६) = १०६ तास होते.

समजा, प्राध्यापक व एक सहयोगी प्राध्यापक निवृत्त झाले आणि एक सहायक प्राध्यापक अन्यत्र गेला. उरलेल्या चौघांची क्षमता १४ + (३ × १६) = ६२ तास. तूट ४४ तासांची. ही तूट अतिथी अध्यापकांकडून भरून काढल्यास चार आठवड्यांच्या महिन्यात १७६ व्याख्याने होतात आणि १,५०० रुपये दराने २,६४,००० रुपये खर्च येतो. दरमहा ५०,००० रुपयांच्या मर्यादेमुळे एका अतिथी अध्यापकास सुमारे ३३ व्याख्यानांचेच मानधन मिळू शकते. म्हणून तीन पदांच्या जागी सहा व्यक्ती लागतात.

तीन नियमित पदांचे केवळ प्रारंभिक मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १,४४,२०० + १,३१,४०० + ५७,७०० = ३,३३,३०० रुपये होते. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, निवृत्तिवेतनातील अंशदान आणि सुट्टीतील वेतन वेगळे. हिशेबाच्या वहीत बचत स्पष्ट दिसते.

परंतु या वहीत एक रकाना नसतो. पीएच.डी. संबंधीच्या २०२२ च्या विनियमांनुसार संशोधन मार्गदर्शक हा कायम अध्यापक असावा लागतो. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक विद्यार्थी अशी कमाल मर्यादा आहे. सर्व अध्यापक मार्गदर्शनाच्या अटी पूर्ण करतात असे गृहीत धरल्यास सात जणांच्या विभागाची क्षमता ८ + १२ + १६ = ३६ विद्यार्थी होते. तीन पदे रिक्त झाल्यावर ती ६ + १२ = १८ वर येते. अतिथी अध्यापकाने कितीही तास घेतले तरी ही निम्मी क्षमता परत येत नाही. शिवाय प्रवेशप्रक्रिया, परीक्षा, अभ्यासक्रमाची पुनर्रचना आणि मूल्यांकनाची कामे उरलेल्या चौघांवर पडतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीतून

पीटर डोरिंजर आणि मायकेल पिओरे या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये द्विस्तरीय श्रमबाजाराची संकल्पना मांडली. प्राथमिक स्तरात चांगले वेतन, सुरक्षितता व पदोन्नतीची शिडी असते. दुय्यम स्तरात अल्प वेतन व अनिश्चितता असते आणि एका स्तरातून दुसऱ्यात जाणे कठीण असते. विद्यापीठांत हे दोन्ही स्तर एकाच वर्गखोलीत आढळतात. शिकवायचा अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, पात्रताही बहुधा एकच, सेवेच्या अटी मात्र भिन्न.

दुय्यम स्तरातून बाहेर पडण्याची वाट नियमांनीही अरुंद केली आहे. २०१८ च्या विनियमांनुसार तदर्थ वा कंत्राटी सेवा पुढे पदोन्नतीसाठी मोजली जाण्यास किमान पात्रता, विधिवत निवड समितीकडून निवड आणि नियमित सहायक प्राध्यापकाइतके एकूण वेतन या अटी आहेत. अतिथी अध्यापक म्हणून केलेली सेवा मोजली जात नाही. म्हणजे ज्याला कमी वेतन मिळाले, त्याची सेवाही पुढे गणली जात नाही.

मानवी भांडवलाच्या सिद्धांतानुसार कोणतीही व्यक्ती वा संस्था परताव्याची अपेक्षा असेल तरच प्रशिक्षणात गुंतवणूक करते. चार महिन्यांनंतर नेमणूक राहील की नाही याची खात्री नसलेला अध्यापक नवा अभ्यासविषय उभारण्यासाठी दोन वर्षे देण्यास कचरतो. संस्थाही त्याच्या संशोधनावर, प्रशिक्षणावर खर्च करण्यास उत्सुक नसते. खर्चातील बचत त्याच वर्षी दिसते, गुणवत्तेतील हानी मात्र दहा-पंधरा वर्षांनी प्रकट होते. त्यामुळे अर्थसंकल्पाच्या वार्षिक चक्रात ती नोंदलीच जात नाही.

समाजशास्त्रावर होणारा विशेष परिणाम

प्रत्येक विषयास सातत्य आवश्यक असले, तरी समाजशास्त्रास ते विशेषत्वाने लागते. क्षेत्रकार्य हा या विषयाचा कणा आहे. श्रीनिवास यांनी म्हैसूरनजीकच्या एका गावात, ज्याला त्यांनी ‘रामपुरा’ हे नाव दिले, १९४८ मध्ये क्षेत्रकार्य केले. १९७० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या प्रती जळाल्या. तरीही स्मृतीच्या आधारे लिहिलेला ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ हा ग्रंथ १९७६ मध्ये प्रकाशित झाला. क्षेत्रकार्य आणि ग्रंथ यांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्या दीर्घ बौद्धिक गुंतवणुकीस स्थिर संस्थात्मक आधार लागतो.

अध्यापनातही हाच अनुभव येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना गावात, वस्तीत वा कारखान्यात क्षेत्रभेटीस नेणे, स्थानिक लोकांशी विश्वासाचे नाते जोडणे, पुढील तुकडीसाठी ते टिकवणे ही कामे तासांच्या नोंदवहीत बसत नाहीत. जात, लिंगभाव, स्थलांतर, धार्मिक संघर्ष यांसारख्या संवेदनशील विषयांवर वर्गात मोकळी चर्चा घडवण्यासाठी अध्यापकास मनाची निश्चिंतता हवी. पुढील सत्रातील नेमणूक ज्यांच्या हाती आहे, त्यांना न रुचणारे मत मांडण्यापूर्वी हंगामी अध्यापक साहजिकच विचार करतो. विद्यार्थ्यांचेही नुकसान होते. शिफारसपत्रासाठी वा शोधनिबंधाविषयी मार्गदर्शनासाठी परत आल्यावर शिकवणारी व्यक्ती विभागात आढळत नाही.

सामाजिक न्यायाचा पैलू

विभाग एकक मानल्यास काय घडते, हे साध्या गणिताने कळते. इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के आरक्षण असल्यास १०० भागिले २७ म्हणजे ३.७, म्हणून चौथे पद राखीव होते. अनुसूचित जातींच्या १५ टक्क्यांसाठी सातवे आणि अनुसूचित जमातींच्या साडेसात टक्क्यांसाठी चौदावे पद येते. सात जणांच्या समाजशास्त्र विभागात अनुसूचित जमातींचा क्रम कधी लागणार, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. २०१९ च्या अधिनियमाचे महत्त्व येथे आहे. परंतु हा अधिनियम नियमित भरतीत प्रत्यक्षात उतरतो. भरतीच झाली नाही तर राखीव पदेही कागदावर राहतात. केंद्र शासनाच्या सूचनांनुसार ४५ दिवस वा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे. तासांवर आधारित नेमणुकांत त्याचे पालन तपासणे अवघड जाते.

स्त्री अध्यापकांचा प्रश्नही गंभीर आहे. प्रसूती रजा मागितल्यानंतर एका तदर्थ सहायक प्राध्यापिकेच्या नेमणुकीचे नूतनीकरण नाकारले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ही कृती अवैध ठरवली. मातृत्व हे सेवा खंडित करण्याचे कारण होऊ शकत नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे.

न्यायालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २००६ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. केवळ दीर्घ सेवेमुळे हंगामी कर्मचाऱ्यास कायम होण्याचा हक्क मिळत नाही, कारण अनुच्छेद १४ व १६ अन्वये सार्वजनिक पदे सर्वांसाठी खुली असली पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. मंजूर पदांवर दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या पात्र व्यक्तींसाठी एकवेळची सवलत मात्र दिली. २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजितसिंग या प्रकरणात समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांना लागू केले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या निकालात, उमादेवी निर्णयाचा आधार घेऊन दीर्घकाळ काम केलेल्यांना वंचित ठेवण्याच्या प्रवृत्तीवर न्यायालयाने टीका केली. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना नियमित पदाच्या किमान वेतनश्रेणीचा हक्क मान्य झाला.

या निर्णयांत वरवर विसंगती दिसली तरी त्यांचे सूत्र एक आहे. पदावर कायम होण्याचा मार्ग खुल्या स्पर्धेतूनच जातो, मात्र काम करून घेताना मोबदल्यात अन्याय करण्याची मुभा शासनास नाही.

उपाययोजनांची दिशा

राज्यांनी निरनिराळे मार्ग चोखाळले आहेत. पश्चिम बंगालने जानेवारी २०२० पासून महाविद्यालयांतील अतिथी, अंशकालीन व कंत्राटी अध्यापकांना एका स्वतंत्र संवर्गात आणून साठ वर्षांपर्यंत सेवेची हमी दिली. हरियाणाने २०२४ मध्ये अतिथी व विस्तार व्याख्यात्यांच्या सेवासुरक्षेसाठी कायदा केला. या उपायांनी कार्यरत व्यक्तींना दिलासा मिळतो. परंतु नुकतीच नेट उत्तीर्ण झालेल्या तरुणांसाठी तीच पदे दीर्घकाळ बंद होण्याची शक्यता असते.

दुसरा मार्ग खुल्या भरतीचा. केंद्रीय विद्यापीठांत २०२१ पासून मोहीम स्वरूपात भरती हाती घेण्यात आली आणि मे २०२३ मध्ये अर्जांसाठी ‘सीयू-चयन’ हे सामाईक संकेतस्थळ सुरू झाले. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत २०२२ नंतर मोठ्या प्रमाणावर नियमित नेमणुका झाल्या. अनेक तदर्थ अध्यापक त्यात कायम झाले. मात्र वर्षानुवर्षे शिकवलेले काही जण मुलाखतीनंतर बाहेरही पडले. विलंबाची किंमत शेवटी व्यक्तीलाच मोजावी लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.

या अनुभवांतून काही सूत्रे निघतात. निवृत्तीची तारीख आधीच माहीत असते, म्हणून पद रिकामे होण्यापूर्वी एक वर्ष भरतीप्रक्रिया सुरू करणे शक्य आहे. प्रत्येक विद्यापीठाने विभागवार मंजूर, भरलेली व हंगामी पदे दरवर्षी जाहीर करावीत. हंगामी नेमणुकीचा करार पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असावा आणि त्यात वेतन, रजा व प्रसूती लाभ स्पष्ट नमूद असावेत. नियमित निवडीत अनुभवास ठरावीक, पारदर्शक गुण मिळावेत. राज्यांच्या वित्तीय अडचणी लक्षात घेऊन केंद्रीय साहाय्य भरलेल्या पदांशी जोडता येईल.

रजा, आकस्मिक निवृत्ती वा नवा अभ्यासक्रम यांसाठी काही हंगामी पदे प्रत्येक विद्यापीठास लागतातच. अपवादासाठी योजलेली व्यवस्था नियम बनली, की ज्ञानशाखेची परंपरा खंडित होते. वरील काल्पनिक विभागात ४४ तासांची तूट एका आठवड्यात भरून निघेल. अठरा संशोधक विद्यार्थ्यांची गेलेली जागा भरून येण्यास मात्र एक पिढी लागू शकते. नोंदणी प्रमाणाचे उद्दिष्ट ठरवताना या दुसऱ्या आकड्याचीही दखल नियोजनकर्त्यांनी घेणे अगत्याचे आहे.